लाल कॅलिपर, काळे हात

कारच्या ब्रेकचे कॅलिपर घरी बसून, ब्रश हातात घेऊन रंगवणं हे जवळजवळ निरुपयोगी काम आहे, हे आधीच मान्य करून टाकतो. त्याने गाडी लवकर थांबत नाही, पेट्रोल कमी लागत नाही, विकायला काढली तर चार पैसे जास्त येत नाहीत. गंज थोडा लांबतो, एवढाच काय तो हिशेबी फायदा. तरीही मागच्या डिसेंबरात मी वर्ध्याच्या घरी अंगणात पोतं अंथरून दोन दिवस तेच केलं. ते करताना एक प्रश्न डोक्यात शिरला आणि अजून तिथेच आहे. तो रंगाचा कमी आणि हातांचा जास्त आहे. पण रंगावरून गेल्याशिवाय हातांपर्यंत पोचता येत नाही.

ज्यांनी चाकाच्या आत कधी डोकावलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चाकाबरोबर एक लोखंडी तबकडी फिरते, ती डिस्क. तिला दोन्ही बाजूंनी चिमट्यासारखा कवेत घेणारा ओतीव लोखंडाचा ठोकळा म्हणजे कॅलिपर. पेडल दाबलं की ब्रेक ऑइलच्या दाबाने त्यातला पिस्टन पुढे सरकतो, पॅड डिस्कवर दाबले जातात आणि गाडीचा वेग उष्णता होऊन निघून जातो. ही उष्णता किती? हजार किलोची गाडी ताशी ८० किलोमीटरवरून थांबवली, तर साधारण पाऊण लिटर गार पाणी उकळीला येईल इतकी. समृद्धी महामार्ग आता आमच्या जिल्ह्यातूनच जातो. तिथल्या १२० च्या वेगावरून थांबवली तर पावणेदोन लिटर. वेग दीडपट झाला की उष्णता सव्वादोनपट होते, हे शाळेत शिकलेलं असतं आणि गाडी चालवताना कुणाला आठवत नाही. ब्रेक दाबल्यावर गाडीचा भार पुढे झुकतो, म्हणून यातला मोठा वाटा पुढची चाकं उचलतात. आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांना मागे डिस्क नसतेच, ड्रम असतो. म्हणून माझं काम दोनच कॅलिपरांचं होतं.

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करायचे. मग जॅक लावायचा, खाली स्टँड द्यायचा, मागच्या चाकांना दगड लावायचे. नुसत्या जॅकवर विसंबून गाडीखाली हात घालायचा नाही. चाक निघालं की समोर जे दिसतं ते पाहून रंगाचा उत्साह निम्मा होतो. वर्षानुवर्षांची काळी धूळ, ग्रीस, चिखल आणि त्याखाली गंज. दोन दिवसांतला दीड दिवस हे साफ करण्यातच जातो. तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, ब्रेक क्लीनर. रंग उष्णता सोसणाराच लागतो, दारं-खिडक्यांचा ऑइलपेंट इथे करपून पापुद्रे धरतो. तो जाड थापायचा नाही. पातळ हात द्यायचा, सुकू द्यायचा, मग दुसरा.

या कामातलं खरं कसब मात्र कुठे रंग लावायचा नाही हे कळण्यात आहे. डिस्कवर नाही, पॅडवर नाही. पॅड ज्या खाचेत सरकतात तिथे नाही. पिस्टनभोवतीच्या रबरावर नाही. ज्या पिनांवर कॅलिपर मागेपुढे होतो त्यांच्यावर नाही, आणि हवा काढायच्या निपलवरही नाही. सरकणारी वस्तू रंगाने चिकटली की ब्रेक अडकतो, चाक जड होतं किंवा गाडी एका बाजूला ओढते. त्यामुळे मास्किंग टेप लावत बसण्यात जितका वेळ जातो तितका रंग लावण्यात जात नाही. घराची भिंत रंगवताना चुकलात तर भिंत वाईट दिसेल. इथली चूक रस्त्यावरच्या दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर जाऊ शकते. हौसेच्या कामांत अशी जबाबदारी सहसा नसते. इथे आहे, आणि मला वाटतं म्हणूनच ही हौस पोरकट ठरत नाही.

आता रंग लालच का, हा मुद्दा. इटलीतल्या बेर्गामोजवळ १९६१ साली सुरू झालेली ब्रेंबो ही ब्रेक बनवणारी मोठी कंपनी. पुण्याजवळ चाकणलाही तिचा कारखाना आहे. शर्यतीच्या आणि महागड्या गाड्यांवरच्या तिच्या लाल कॅलिपरांमुळे लाल म्हणजे जबरदस्त ब्रेक असं समीकरण बसलं. पोर्शसारख्या कंपनीने तर रंगांची भाषाच केली: पिवळा कॅलिपर दिसला की आत सिरॅमिकची डिस्क आहे असं समजायचं. म्हणजे चाकाच्या फटीतून दिसणारा तो रंग काहीतरी सांगत असतो. मग माझ्या एका पिस्टनच्या साध्या कॅलिपरला लाल फासणं ही थाप झाली का?

मी यावर बराच विचार केला आणि ‘नाही’ असं माझं उत्तर आहे. थाप होण्यासाठी कुणीतरी तिच्यावर विसंबायला हवं. माझ्या मागे येणारा ट्रकवाला माझ्या कॅलिपरचा रंग पाहून अंतर ठरवत नाही. मी स्वतः लाल रंगावर भिस्त ठेवून उशिरा ब्रेक मारू लागलो, तर मात्र ती थाप होईल, तीही स्वतःला मारलेली. बाजारात कॅलिपरवर चिकटवायची प्लॅस्टिकची लाल झाकणं मिळतात, त्यांच्याबद्दल माझं मत इतकं उदार नाही. त्यात खरी वस्तू झाकून वर खोटी बसवलेली असते. रंगात वस्तू तीच राहते, तिचा आकार तोच राहतो.

आणि काम करणाऱ्या अंगाला रंग लावणं ही काही आमच्याकडे नवी गोष्ट नव्हे. गवळाऊ बैलांच्या या मुलखात पोळ्याला शिंगं घासून रंगवतात, बेगड लावतात, अंगावर झूल चढवतात. शिंग रंगवल्याने बैल जास्त ओढत नाही हे शेतकऱ्याला ठाऊक असतं. पण शिंगं रंगवण्याआधी, आदल्या संध्याकाळी, खांदशेकणी असते. जू जिथे घासतं त्या खांद्याला हळद आणि तूप चोळतात आणि बैलाला उद्याच्या जेवणाचं आवतण देतात. आधी घट्टे पडलेला खांदा, मग शिंग, हा क्रम मला फार शहाणपणाचा वाटतो. (सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा ज्यांनी पाहिला असेल त्यांना ठाऊक आहे की काहीही न ओढणारा लाकडी बैलसुद्धा आम्ही तितक्याच थाटात सजवतो. हौसेला कारण लागत नाही.) पोळ्याच्या संध्याकाळी सालगडी सजवलेली जोडी घरोघरी नेतो, लोक पूजा करतात, त्याच्या हातावर बोजारा ठेवतात. ती जोडी वर्षभर हाकणारा तो असतो. बैलजोडीबरोबर ज्याचे हात राबले त्या माणसाची त्या दिवशी थोडी तरी दखल घेतली जाते. निदान एक दिवस.

हातांपर्यंत आलो. दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या कॉलनीतले एक निवृत्त गृहस्थ फाटकाशी थांबले. माझे कोपरापर्यंत काळे झालेले हात पाहून त्यांना भरून आलं. “वा सर, श्रमप्रतिष्ठा म्हणतात ती हीच! सेवाग्रामच्या मातीचा गुण आहे,” असं म्हणत ते आत आले आणि हाताला काळं लागण्याची पर्वा न करता त्यांनी हस्तांदोलन केलं. मला बरं वाटलं, नाही कशाला म्हणू? पण त्याच गृहस्थांच्या गाडीची बॅटरी उतरली होती तेव्हा गॅरेजमधला पोरगा आला होता. त्याचेही हात कोपरापर्यंत काळे होते. काम झाल्यावर तो चपला काढायच्या जागेपाशी उभा राहिला, त्याला पाणी तिथेच मिळालं आणि पैसे त्याच्या ओंजळीत वरून पडले. काळं दोन्ही हातांना सारखंच होतं.

वर्ध्यात हा प्रश्न टाळता येत नाही, कारण तो इथे फार गंभीरपणे हाताळला गेलेला आहे. ३० एप्रिल १९३६ ला गांधी शेगावात राहायला आले. त्याच गावाचं पुढे सेवाग्राम झालं. शरीरश्रम हे आश्रमाच्या अकरा व्रतांपैकी एक होतं, आणि संडास साफ करणं हे त्यातलं नित्याचं काम. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत नई तालीमची कल्पना पुढे आली: मुलाने हस्तोद्योगातून शिकावं, हात आणि डोकं यांची फारकत करू नये. यामागची श्रद्धा अशी, की सगळ्यांनी सगळी कामं केली की कामाला चिकटलेला कमीपणा गळून पडेल.

आणि गांधी शेगावात आले त्याच्या पुढच्याच महिन्यात, मे १९३६ मध्ये, बाबासाहेबांनी लाहोरला न होऊ शकलेलं आपलं भाषण पुस्तकरूपाने छापलं. जातीने कामं वाटली एवढ्यावर त्यांचा मुद्दा थांबत नाही. काम करणारी माणसंच तिने वेगळी केली आणि त्यांची उतरंड लावली, असं ते दाखवून देतात. ही गोष्ट लक्षात घेतली की माझ्या अंगणातला प्रसंग लगेच उलगडतो. त्या गृहस्थांनी काळ्या हाताचा मान राखला नव्हता. ज्याला हात काळे करण्याची गरज नाही अशा माणसाने ते केले, याचा मान राखला होता. माझ्या हातावरचा काळा रंगही एका अर्थी वरून लावलेला होता, साबणाने निघणारा. लाल रंगाबद्दल मी स्वतःला निर्दोष सोडलं, या रंगाबद्दल इतक्या सहज सोडता येत नाही. कारण इथे कुणीतरी विसंबलेलं असतं. ‘आमच्याकडे श्रमाला मान आहे’ या समजुतीवर एक अख्खं शहर निवांत झोपतं.

मग हौसेने केलेलं हातकाम खोटंच का? इथे मला विनोबांची आठवण होते. १९५० च्या सुमारास पवनारला त्यांनी कांचनमुक्तीचा प्रयोग केला, बैलांशिवाय, नुसत्या हातांनी शेती केली. तेही निवडलेलंच होतं, त्यांच्यावर कुणाची सक्ती नव्हती. पण पैशाचा आधार सोडून त्यांनी पोट त्या कामाला बांधून घेतलं. माझं पोट कॅलिपरला बांधलेलं नव्हतं. ऊन लागलं की मी सावलीत जात होतो, कंटाळलो की चहा घेत होतो. मला या कामातून प्रतिष्ठा मागण्याचा हक्क नाही, असं माझं सरळ मत आहे. मिळालं ते दुसरं काहीतरी. दीड दिवस त्या ठोकळ्यात नाक खुपसून बसल्यावर हे काम नीट करणं म्हणजे काय, हे मला हाताने कळलं. नई तालीमवाले निदान एवढ्यापुरते बरोबर होते.

त्याचा प्रत्यय आठवड्याने आला. पिना काढून ग्रीस करणं हे मिस्त्रीचं काम, त्यात मी हात घातला नव्हता. मिस्त्रीने चाक उतरवलं, लाल रंग पाहून हसला आणि आधी रबरावर नख फिरवलं. “रबर कोरं ठेवलं जी तुम्ही. लोकं त्याच्यावरच फासते.” नंतर त्याने पिना काढल्या, जुनं ग्रीस पुसलं, पॅडची जाडी बोटाने मापली. त्याचं बोट कुठे थांबतंय आणि का, हे मला दिसत होतं. यापूर्वी वीस वर्षं गॅरेजात बाकावर बसून मी फक्त पेपर वाचलेला आहे.

तेवढ्यात त्याच्या हाताखालच्या पोराने शेजारच्या गाडीचा ड्रम उघडला आणि कॉम्प्रेसरच्या हवेने आतली धूळ उडवली. काळा ढग त्याच्या तोंडावरून गेला. ब्रेकची धूळ हवेने उडवू नये, ओली करून पुसावी, हा जुना नियम आहे. एकेकाळी ब्रेकच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस सर्रास असे आणि त्याचे तंतू फुफ्फुसात बसले की निघत नाहीत. ॲस्बेस्टॉस नसलं तरी ती धूळ छातीत भरून घ्यायची वस्तू नव्हे. मी घरी मास्क लावून, पाण्याचा फवारा मारून पुसत बसलो होतो. पोराला तसं म्हटलं, तर तो नुसता हसला. उत्तर मिस्त्रीने दिलं.

“तुमचे दोन चाकं होते सर, दोन दिवसात. याचे दिवसाले पंधरा-वीस असते. पाणी मारून पुसत बसला तं गिऱ्हाईक थांबन का?”

“थोडा दर वाढवा की मग.”

तो बिल लिहीत होता. दोन्ही चाकांची मजुरी माझ्या रंगाच्या डब्यापेक्षा कमी झाली होती.

“वाढवला असता जी,” तो कागद फाडत म्हणाला. “पण लोकं मंग समोरच्या गॅरेजात जाते.”