विचारलं कोणी?

माझ्या पुढच्या दातांवर तपकिरी पट्टे आहेत. घासून जात नाहीत, कारण ते दाताच्या वर नाहीत, आत आहेत. कॉलेजात असताना मी फोटोत तोंड मिटून हसायला शिकले, आणि ती सवय अजून गेलेली नाही. मला बघायला आलेल्या मंडळींपैकी एका बाईंनी माझ्या मावशीला बाजूला घेऊन विचारलं होतं, "पोरगी खर्रा तं नाई खात ना?" मावशीने तेव्हा काय उत्तर दिलं ते मला आजवर कळलेलं नाही. ते स्थळ जुळलं नाही, एवढं खरं.

खर्रा नाही, पाणी. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याच्या बाजूला. मी १९८६ सालची. त्या दशकात गावोगावी बोअर मारून हापश्या बसवल्या जात होत्या. त्याआधी लोक उघड्या विहिरीचं पाणी प्यायचे आणि त्यातून हगवण व्हायची, नारू व्हायचा. पायातून दोऱ्यासारखी अळी बाहेर काढतानाच्या गोष्टी आजी जेवताना सांगायची, आणि आई तिच्यावर चिडायची. हापशी आली तेव्हा गावाने नारळ फोडला होता. पाणी स्वच्छ, थंड, चवीला चांगलं. त्या खोल पाण्यात खडकातून उतरलेलं फ्लोराइड होतं. त्याला रंग नसतो, वास नसतो. दात हिरडीच्या आत तयार होत असतात त्या वयात ते जास्त गेलं, तर दातांवर डाग येतात. वर्षानुवर्षं जास्त जात राहिलं, तर हाडं आणि सांधे आखडतात.

मी दहावी-बारावीला असताना काही लोक बाटल्यांमध्ये नमुने भरून घेऊन गेले. काही महिन्यांनी दुसरे लोक आले आणि हापशीला लाल रंग मारून गेले. लाल म्हणजे पिऊ नका. आजी म्हणाली, "पिऊ नका म्हन्तेत. मंग काय पिवाव?" दुसरी विहीर लांब होती आणि उन्हाळ्यात आटायची. त्यामुळे हापशी लाल झाली आणि आम्ही तिचंच पाणी प्यायलो. आजीची पाठ शेवटच्या काही वर्षांत इतकी वाकली होती, की आपल्याशी बोलायला तिला मान तिरकी करून वर बघावं लागायचं. ते पाण्याने झालं की वयाने, हे कोणी तपासलं नाही.

२०१३ मध्ये मी कॅनडात कॅलगरीला आले. इथल्या पहिल्याच दंतवैद्याने माझं तोंड बघून विचारलं, "तुम्ही लहानपणी कुठलं पाणी प्यायचात?" एवढ्या वर्षांत हा प्रश्न विचारणारा तो पहिला माणूस. मग बोलता बोलता त्याने सांगितलं, की या शहराच्या पाण्यात फ्लोराइड मुद्दाम घालत असत, दोन वर्षांपूर्वी बंद केलं. मला वाटलं, मला इंग्रजी नीट समजलेलं नाही.

घरी येऊन वाचत बसले. गंमत अशी, की ही सगळी कल्पना माझ्यासारख्या दातांवरूनच निघाली आहे. १९०१ मध्ये फ्रेडरिक मॅके नावाचा तरुण दंतवैद्य अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्ज इथे गेला, तेव्हा तिथल्या लोकांचे दात त्याला तपकिरी दिसले. तो अनेक वर्षं त्याच्या मागे लागला. त्याला आणखी एक गोष्ट दिसली, या डागाळलेल्या दातांना कीड फारशी लागत नव्हती. कारण फ्लोराइड आहे हे १९३१ मध्ये एका अॅल्युमिनियम कंपनीच्या प्रयोगशाळेत सापडलं. मग प्रश्न आला, डाग पडणार नाहीत पण कीडही लागणार नाही असं मधलं प्रमाण असेल का? ते लिटरला साधारण १ मिलिग्रॅम निघालं. २५ जानेवारी १९४५ रोजी मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्स शहराच्या पाण्यात ते घालायला सुरुवात झाली. भांडणही जवळजवळ तेव्हापासूनचंच आहे.

कॅलगरीने तर या प्रश्नावर पुन्हा पुन्हा मतदान घेतलं. १९५७, १९६१, १९६६, १९७१, चारही वेळा लोक नाही म्हणाले. १९८९ मध्ये हो म्हणाले, १९९१ पासून फ्लोराइड सुरू झालं. १९९८ मध्ये पुन्हा हो. २०११ मध्ये मात्र नगरपरिषदेने लोकांना न विचारता आपसात मतदान करून ते बंद केलं.

ते बंद झालेलं बघून मला बरं वाटलं होतं, हे कबूल करते. फ्लोराइड म्हणजे माझ्यासाठी आजीची पाठ. २०१५ मध्ये मुलगा झाला. त्याचे दात यायला लागले तेव्हा मी शोधून शोधून फ्लोराइड नसलेली टूथपेस्ट आणायचे. नवरा म्हणायचा, अगं इथलं प्रमाण वेगळं, पेस्ट वेगळी. मी ऐकलं नाही. माझ्या मुलाने तोंड उघडून हसावं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

२०१९ मध्ये, चार वर्षांचा असताना, त्याच्या सहा दातांना कीड लागलेली निघाली. दोन काढावे लागले. एवढं लहान मूल खुर्चीत स्थिर बसत नाही, म्हणून पूर्ण भूल द्यावी लागली. तोंडावर मास्क ठेवला तेव्हा त्याने माझं बोट धरलं होतं आणि ते आपोआप सुटलं. ज्यांनी आपल्या मुलाला भूल देताना पाहिलंय त्यांना मी काय म्हणते ते कळेल.

दोष कोणाचा? तो रात्री दुधाची बाटली तोंडात धरून झोपायचा, तेही कारण असेल. माझी पेस्ट असेल. शहराचं पाणी असेल. एका मुलाच्या सहा दातांवरून काही सिद्ध होत नाही. पुढे कॅलगरी विद्यापीठातल्या संशोधकांनी कॅलगरी आणि एडमंटन या दोन शहरांमधल्या दुसरीतल्या मुलांची तुलना छापली. एडमंटनमध्ये १९६७ पासून फ्लोराइड चालू आहे. तिथे ५५ टक्के मुलांच्या दुधाच्या दातांना कीड होती, कॅलगरीत ६५ टक्के. फरक आहे, पण एडमंटनमध्येही निम्म्याहून जास्त मुलांना कीड आहेच, हेही त्याच आकड्यात दिसतं.

या वादात विरोधकांची टिंगल करणं फार सोपं आहे. शीतयुद्धाच्या काळात काही लोक याला कम्युनिस्टांचा कट म्हणत, आणि आजही असलं बरंच काही फिरतं. पण त्यांचा सगळ्यात बळकट मुद्दा कटाचा नाहीच. माझ्या शरीरात औषध घालण्याआधी मला विचारा, इतकाच तो आहे. आयर्लंडमध्ये ग्लॅडिस रायन नावाच्या बाई, पाच मुलांची आई, याच मुद्द्यावर सरकारविरुद्ध कोर्टात गेल्या. १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात त्या हरल्या. पण त्यांच्याच खटल्यामुळे, राज्यघटनेत शब्दशः लिहिलेला नसला तरी नागरिकाला आपल्या शरीराच्या अखंडतेचा हक्क आहे, हे आयरिश कायद्यात मान्य झालं. न्यायालयाचं म्हणणं असं, की हक्क आहे, पण या प्रमाणातल्या फ्लोराइडने तो मोडत नाही. हा निकाल मी बऱ्याचदा आठवते. हरलेल्या बाईने बाकी सगळ्यांना काहीतरी मिळवून दिलं.

संमतीचा हा मुद्दा मला पूर्ण पटायचा. तो डळमळला तो माझ्याच घरात. मुलाला फ्लोराइड नको हे ठरवताना मी त्याला विचारलं होतं का? दीड वर्षाच्या मुलाला काय विचारणार. मी माझ्या भीतीवरून त्याच्या वतीने ठरवलं. नगरपरिषदेने २०११ मध्ये तेच केलं, फक्त लाखो लोकांच्या वतीने. घालणं हा निर्णय आणि न घालणं हा जणू निर्णयच नाही, असं आपण धरून चालतो. करणाऱ्याचा हात दिसतो, न करणाऱ्याचा दिसत नाही, म्हणून राग पहिल्यावर निघतो.

आणि आमची हापशी? मी इतकी वर्षं म्हणत आले, की आमच्या पाण्यातलं फ्लोराइड निसर्गाने घातलं. अर्धंच खरं. खडक निसर्गाचा, पण इतक्या खोलवर बोअर मारून ते पाणी वर आणलं सरकारने. चांगल्या हेतूनेच आणलं, नारू जावा म्हणून, आणि नारू गेलाही. २००० मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला, ही फार मोठी गोष्ट आहे. पण फ्लोराइडचा त्रास आपल्याकडे नवा नव्हता. नेल्लोर भागातल्या रुग्णांबद्दल १९३७ मध्येच लिहिलं गेलं होतं. तुरटी आणि चुना वापरून पाण्यातलं फ्लोराइड कमी करायची पद्धत आमच्या शेजारच्या नागपुरात, 'नीरी'मध्ये शोधली गेली. माहिती होती, उपाय होता, आणि आमच्या गावापर्यंत पोचला तो रंगाचा डबा.

म्हणून मला आता वाटतं, की विचारलं का, एवढाच प्रश्न पुरत नाही. नको असेल तर बाहेर पडता येतं का, आणि कोणाला पडता येतं, हेही विचारायला हवं. आज गावात ज्यांच्याकडे पैसे आहेत ते आरओच्या पाण्याचे कॅन आणतात. कॅलगरीत फ्लोराइड बंद असताना ज्यांचा विमा होता ते दर सहा महिन्यांनी मुलांना दंतवैद्याकडे नेऊन फ्लोराइडचा लेप लावून आणत होते. दोन्हीकडे पैसेवाला निसटतो. नळ उरतो तो ज्याला दुसरं काही नाही त्याच्यासाठी. पाण्यात फ्लोराइड घाला म्हणणाऱ्यांचा हा मुद्दा मला प्रामाणिक वाटतो, की ते गरिबाच्या मुलापर्यंत अर्ज न भरता पोचतं. अर्थात त्यावर कोणी म्हणेल, मग गरिबाच्या मुलाला दंतवैद्यच द्या ना. बरोबर आहे. पण दिला नाही ना इतकी वर्षं.

विरोधकांचं आणखी एक म्हणणं मला गावामुळे जास्त कळतं. पाण्यातलं प्रमाण ठरवता येतं, माणूस किती पाणी पितो ते ठरवता येत नाही. मे महिन्यात शेतात राबणारे माझे बाबा दिवसाला सात-आठ लिटर पाणी प्यायचे. ऑफिसात बसणाऱ्याचं आणि त्यांचं पाणी एकच असलं, तरी दोघांच्या पोटात जाणारं फ्लोराइड एक नाही. औषधाच्या बाटलीवर चमचे लिहिलेले असतात, नळावर नसतात.

आता या वादाची हवा पुन्हा तापली आहे. २०२४ मध्ये अमेरिकी सरकारच्या एका अहवालाने सांगितलं, की पाण्यात लिटरला १.५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराइड असेल तर मुलांच्या बुद्ध्यांकावर परिणाम होत असल्याचं दिसतं. तिथे घालतात त्या ०.७ या प्रमाणाबद्दल काही ठरवण्याइतकी माहिती नाही, असंही त्याच अहवालात आहे. २०२५ मध्ये युटा राज्याने पाण्यात फ्लोराइड घालायला बंदी केली, मग फ्लोरिडाने. दुसरीकडे, आता सगळेच फ्लोराइडची पेस्ट वापरत असल्याने पाण्यातल्या फ्लोराइडचा फायदा पूर्वीपेक्षा कमी उरलाय, असंही नवे आढावे सांगतात. हे सगळं वाचताना मी १.५ या आकड्याशी थांबले. अमेरिकेत ज्या आकड्याच्या निम्म्याहून कमी प्रमाणावर कोर्टकचेऱ्या चालू आहेत, तो आकडा ओलांडलेलं पाणी आमच्याकडे मुलं पीत मोठी झाली. आणि ज्या अभ्यासांवर तो अहवाल उभा आहे त्यातले बरेचसे चीनमधले आहेत, काही भारतातले. म्हणजे मोजायला आमच्यासारखी मुलं, आणि भीती त्यांच्या मुलांची. हे लिहिताना मला थोडा राग येतोय, तो तसाच राहू देते.

ऑक्टोबर २०२१ मध्ये कॅलगरीत पुन्हा मतदान झालं. ६२ टक्के लोकांनी फ्लोराइड परत आणा म्हणून सांगितलं. मला मत नव्हतं, मी तेव्हा नागरिक नव्हते. पाणी पिते, कर भरते, मत नाही. माझ्या मुलालाही नव्हतं, आणि दात तर त्याचेच. मत असतं तर मी 'हो' म्हटलं असतं, असं मला वाटतं. खात्रीने नाही. मतपत्रिकेवर हो आणि नाही एवढंच असतं. 'हो, पण दर काही वर्षांनी पुन्हा विचारा, आणि पाण्यात किती आहे ते जाहीर करत राहा' अशी चौकट नसते.

यंत्रणा पुन्हा उभारायला सुमारे २ कोटी ८० लाख डॉलर लागले आणि ३० जून २०२५ पासून नळाच्या पाण्यात फ्लोराइड सुरू झालं. आई तेव्हा इथे आलेली होती. मी तिला सांगितलं तेव्हा ती हातातला ग्लास तसाच धरून बघत राहिली.

"मुद्दाम टाकतेत?"

"हो."

"लोकाइनं हो म्हनलं?"

"मतदान झालं. जास्त लोकांनी म्हटलं."

"किती टाकतेत?"

"लिटरला ०.७ मिलिग्रॅम. शहराच्या वेबसाइटवर लिहिलेलं असतं."

तिने पाणी प्यायलं. ग्लास धुऊन पालथा घातला. मग विचारलं, "आपल्या हापशीत किती होतं?"

मला सांगता आलं नाही. ते लोक लाल रंग मारून गेले होते. आकडा त्यांनी लिहिला नव्हता.