मशीनखालची गोधडी

टेबलावरचं शिलाई मशीन भरधाव चाललं की थरथरतं, जागचं सरकतं आणि खालच्या मजल्यावरच्यांची झोपमोड करतं. त्याच्याखाली एक छोटी गोधडी शिवून घाला. वर रंगीबेरंगी चिंध्यांचं जोडकाम, खाली जुन्या सुती साडीचे चार-पाच थर आणि सगळ्यांतून धावदोरा. टाके जवळजवळ घातले की धुतल्यावर थर गोळा होत नाहीत. गोधडी शिवणाऱ्या बायकांना हे कुणी शिकवावं लागत नाही. नायलॉनचं कापड मात्र नको, ते टेबलावर घसरतं. सुती कापड सांडलेला तेलाचा थेंबही टिपून घेतं. पुढची कड टेबलाखाली लोंबती सोडली तर तिला कात्री, टेप, बॉबिन यांच्यासाठी खिसे लावता येतात. मला तर हे खिसेच जास्त आवडतात!

आयझॅक सिंगर यांनी आपल्या शिलाई मशीनचं पेटंट १८५१ मध्ये घेतलं. मशीन घरोघरी आलं, तरी हाताने घातलेल्या धावदोऱ्याचा मऊपणा त्याला साधलेला नाही. तेव्हा ही गोधडी हातानेच शिवा. आज शिंप्याकडे गेलात तर कोपऱ्यात साठलेल्या चिंध्या मागून आणा.