कोणत्या वारी निघायचं?

“चाळीस किलोमीटरला कसली आखणी करायची, मामा? गाडीत बसायचं आणि निघायचं.” पुण्याहून आलेला माझा भाचा सहज बोलून गेला. धुळ्यातल्या देवपुरातून अमळनेरला जायचं होतं. किती मिनिटं लागतील ते तो फोनवर बघत होता, मी भिंतीवरच्या कालनिर्णयात वार बघत होतो. त्याच्या बोलण्यात चेष्टा नव्हती, तरी ते वाक्य मला टोचलं आणि टोचत राहिलं. जवळच्या प्रवासालाही आखणी लागते, याची मला खात्री होती. ती का लागते, हे मात्र त्याला पटेल असं सांगता येईना.

फोनमधला नकाशा काय करतो ते आता कुणाला समजावून सांगायला नको. सरळ रस्त्याने गेलात तर साधारण तासाभरात अमळनेर. जळगावचा महामार्ग धरून पारोळ्यापर्यंत गेलात आणि तिथून डावीकडे वळलात तर अंतर बरंच वाढतं, पण रस्ता रुंद मिळतो. दोन रेघा, दोन आकडे. त्यातला लहान आकडा निवडायचा. या हिशेबात खोटं काही नाही, आणि माझी तक्रारही हिशेबाविरुद्ध नाही.

प्रवासाची आखणी दोन तऱ्हांनी होते असं मी फार पूर्वीपासून मानत आलो आहे. एक घड्याळाची, दुसरी वाराची. घड्याळाची आखणी विचारते, किती वाजता निघू आणि किती वाजता पोचू. वाराची आखणी विचारते, आज तिथे काय चाललं असेल. आमच्याकडची जुनी माणसं परगावी निघालेल्याला अजूनही पहिला प्रश्न करतात, “आज कोनता वार शे?” अमळनेरच्या बाबतीत तर हा प्रश्न टाळताच येत नाही. तिथे मंगळग्रहाचं मंदिर आहे आणि मंगळवारी दूरदूरहून माणसं येतात. मंगळवारचं अमळनेर आणि बुधवारचं अमळनेर एकाच ठिकाणी असूनही दोन वेगळी गावं असतात. वैशाखात बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा भरते, तेव्हा तर गावाचा नकाशाच पालटतो. दिवाळीपासून पुढे कपाशीचे दिवस. जिनिंगकडे निघालेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या कापसाने इतक्या फुगलेल्या असतात की मागच्याला पुढचा रस्ताच दिसत नाही, आणि त्यांतल्या कितीतरींना मागे दिवा नसतो. मे महिन्यात पारा 45 अंशांकडे सरकतो, तेव्हा घरात लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर सकाळी दहाच्या आत पोचायचं, नाहीतर ऊन उतरल्यावर निघायचं. पोळ्याच्या दिवशी सजवलेल्या बैलांना वाट द्यायची. हे सगळं मिनिटांत मावत नाही.

रस्त्यांमध्येही मी हाच भेद करतो. काही रस्ते एकाच कामासाठी बांधलेले असतात. 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग 5 जून 2025 रोजी मुंबईपर्यंत पूर्ण खुला झाला; त्यावर दुचाकीला जागा नाही, ट्रॅक्टरला नाही, बैलगाडीला नाही. तिथे सोमवार काय आणि शनिवार काय, घड्याळ पुरतं. अमळनेरच्या रस्त्यावर शाळा सुटते, गुरं ओलांडतात, कडेला मका वाळत पडलेला असतो, एखाद्या फाट्यावर बस थांबते आणि तिच्याभोवती निम्मं गाव गोळा होतं. या रस्त्याला वाहतुकीशिवाय आणखी दहा कामं आहेत, आणि कोणत्या दिवशी कोणतं काम चालू असेल ते ठाऊक असणं म्हणजे तो रस्ता ठाऊक असणं.

धुळ्याच्या माणसाला रस्त्याचा एवढा विचार का करावा लागतो, त्यालाही कारण आहे. हे शहर रस्त्यांवर वाढलं. 1818 मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळ्याला जिल्ह्याचं ठाणं केलं; सरळ रेषेत आखलेल्या नव्या पेठेची सुरुवात त्याच काळातली, आणि आमच्या गल्ल्यांना आजही नावांऐवजी नंबर आहेत. मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर हे दोन मोठे महामार्ग इथेच एकमेकांना छेदतात. रेल्वेने मात्र आमच्या बाबतीत हात आखडता घेतला. चाळीसगावहून आलेला फाटा 1900 साली धुळ्यात पोचला आणि धुळ्यातच संपला. अमळनेर आहे सुरत–जळगाव मार्गावर. त्यामुळे धुळ्याहून रेल्वेने अमळनेरला जायचं तर आधी दक्षिणेला चाळीसगाव, तिथून ईशान्येला जळगाव आणि मग परत पश्चिमेला अमळनेर, असा जवळजवळ सगळा जळगाव जिल्हा फिरावा लागतो. एवढ्याशा अंतरासाठी असा वळसा कोण घेईल? म्हणून दोन्ही गावांमधली सगळी ये-जा रस्त्यानेच.

घड्याळाच्या आणि वाराच्या आखणीचं हे सगळं मी भाच्याला सांगितलं, तेव्हा त्याने माझ्या मुद्द्यातलं सर्वांत कच्चं ठिकाण बरोबर हेरलं. “पण मामा, वार नकाशालाही कळतो. मागच्या मंगळवारी किती गर्दी होती ते त्याच्याकडे साठलेलं असतं. तुमचं पंचांगच त्यात आहे, उलट जास्त नेमकं.” हे खरं आहे, आणि कालनिर्णय पुढे करून त्याचा प्रतिवाद होत नाही. तरीही माझं उत्तर असं, की नकाशाला मंगळवारची गर्दी कळते, मंगळवार कळत नाही. त्याच्या लेखी गर्दी हा फक्त अडथळा. तो म्हणेल, मंगळवार टाळा. पण हजारो माणसं मंगळवारीच जातात, ती मंगळवार आहे म्हणून जातात. यात्रेला जाणाऱ्याला यात्रेची गर्दी नको असते का? कुणासाठी ती अडचण आहे आणि कुणासाठी तेच निघण्याचं कारण आहे, हे ठरवणं नकाशाच्या हातात नाही. भाचा यावर “ठीक आहे” म्हणाला. त्याला ते पूर्ण पटलं नव्हतं. पूर्ण पटावं इतकं ते भक्कमही नसेल, पण मला तो भेद सोडवत नाही.

वाराचा विषय निघाला की माझ्या मनात धुळ्याचा तुरुंग येतोच. 1932 साली विनोबा तिथे कैदेत होते. 21 फेब्रुवारीला त्यांनी गीतेवर बोलायला सुरुवात केली आणि 19 जूनला शेवट केला. या दोन्ही तारखांना रविवार होता. पहिल्यापासून शेवटपर्यंत मोजले तर अठरा रविवार भरतात, आणि गीतेचे अध्यायही अठराच. ती प्रवचनं उतरवून घेतली साने गुरुजींनी. गुरुजी 1924 ते 1930 अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते. अमळनेरच्या मुलांना शिकवणारा माणूस धुळ्याच्या तुरुंगात बसून दर रविवारी लिहून घेतोय, हे चित्र मला या दोन गावांमधलं सर्वांत मोलाचं नातं वाटतं. कैद्याचं घड्याळ दुसऱ्याच्या हातात असतं. उठण्याची, जेवणाची, कोठडीत जाण्याची वेळ तुरुंग ठरवतो. पण आठवड्यातला एक वार त्या माणसांनी स्वतःचा केला, त्याला काम दिलं, आणि त्यातून मराठीतलं एक मोठं पुस्तक उभं राहिलं. वार आपलासा केला की काळ आपला होतो, असं मला यावरून वाटत आलं आहे.

पण वार आपलासा करता येणं, हे सगळ्यांच्या वाट्याला आलं का? या प्रश्नापाशी मला मायची आठवण होते आणि माझ्या आवडत्या विचाराला तडा जातो.

मायचं माहेर अमळनेरच्या पलीकडे. लग्न होऊन ती धुळ्याला आली आणि पुढे कितीतरी वर्षं ती माहेरी जायची ती आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. खानदेशात सासुरवाशिणीसाठी आखाजीसारखा दुसरा सण नाही. झोके बांधायचे, गौराईची गाणी म्हणायची, सांजोऱ्या करायच्या, आंब्यांचा रस आणि पुरणपोळी. पण त्यासाठी आधी माहेरहून मुराळी यायला हवा. भाऊ न्यायला आला नाही तर जाणं नाही. आला तरी घरात विचारायचं. कुणाचं आजारपण नको, पाहुणे नकोत, सासऱ्यांच्या मनात काही नको. पेरणीच्या आत परत यायचं हे तर ठरलेलंच. वाराची आखणी म्हणतात ती हीच, आणि तिच्यात माय कुणापेक्षाही हुशार होती. बोरीच्या पात्रात यात्रा कधी भरते, कुठल्या गावचा बाजार कधी, लग्नसराई कधी सुरू होते, सगळं तिला तोंडपाठ. पण यांतला एकही वार तिचा स्वतःचा नव्हता. नवस फेडायला जाणं वेगळं. आज आईला बघावंसं वाटलं म्हणून उठले आणि गेले, असं तिच्या आयुष्यात कितीदा घडलं असेल? मला एकही प्रसंग आठवत नाही.

चाळीस किलोमीटर तिच्यासाठी एक वर्ष लांब होते. रस्ता होता, बसही होती; 1 जून 1948 ला पुणे–नगर मार्गावर पहिली एसटी निघाली आणि पुढे ती आमच्याकडच्या गावागावांत पोचली. अंतर वाढवलं होतं विचारण्याने. जी आखणी मी शहाणपण म्हणून मिरवतो, तिच्यात परवानगीचा भाग किती मोठा होता हे पुरुषाला दिसत नाही, कारण त्याला कुणाला विचारायचं नसे. मी वार बघतो तो सोयीसाठी. ती वार बघायची ती मोकळीक मिळेल का हे पाहण्यासाठी.

आता देवपुरात बघा. इथे कॉलेजं आहेत, क्लास आहेत, खोल्या करून राहणाऱ्या मुली आहेत: साक्रीच्या, शिरपूरच्या, अमळनेरच्या. थंडीत एखादीला घरून फोन येतो की आज भरीत करतोय, आणि ती पुस्तकं मिटून स्कूटी काढते किंवा स्टँड गाठते. मुराळी नाही, मुहूर्त नाही. कुणी तिला वार विचारत नाही. हे पाहून मला मनापासून आनंद होतो, आणि तो आनंद झाला की ‘गाडीत बसायचं आणि निघायचं’ हे वाक्य टोचायचं थांबतं. आखणी न करता निघता येणं हा हक्क आहे, आणि आमच्या घरातल्या बायकांना तो फार उशिरा मिळाला. माझा कौल आता त्या हक्काच्या बाजूने आहे.

भाच्याच्या बाजूने तो अजूनही पूर्णपणे नाही. त्याचं निघणं सोपं आहे कारण दारात चारचाकी उभी आहे, टाकीत पेट्रोल आहे आणि रात्री उशीर झाला तर कुणी त्याची काळजी करत नाही. त्या मुलीचं तसं नाही. तिला शेवटची बस किती वाजता सुटते ते माहीत हवं. फाट्यावर उतरून घरापर्यंत जायचं तर उजेड हवा. 17 मार्च 2023 पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट झालं, भाड्याचा मोठा अडसर गेला. पण अर्ध्या तिकिटाची खरी किंमत गाडी वेळेवर असेल तरच. अंधारात दिव्याविना चाललेली कापसाची ट्रॉली चारचाकीपेक्षा स्कूटीला कितीतरी जास्त धोक्याची. म्हणजे आखणी नाहीशी होत नाही. मला वाटतं ती करणारे हात बदलायला हवेत. आजवर ती प्रवासी करत आला, आणि ज्याच्या हाती कमी त्याला ती जास्त करावी लागली. इथून पुढे ती रस्त्याने आणि डेपोने करावी.

यात्रेला जादा गाड्या सोडणं एसटीला नवं नाही. तोच विचार मंगळवारच्या संध्याकाळपर्यंत न्यायचा आहे. कपाशीची पहिली वेचणी होण्याआधी प्रत्येक ट्रॉलीला मागे लाल परावर्तक पट्ट्या लागल्या पाहिजेत, हे पाहायला मोठा खर्च येत नाही. उन्हाळ्यात फाट्याफाट्यावर सावलीचा निवारा, पिण्याचं पाणी आणि बायकांसाठी स्वच्छतागृह असावं. मायला जे पंचांग पाठ होतं ते वाहतूक नियंत्रकाच्या टेबलावर असायला हवं. मग मुलींना ते पाठ करण्याची गरज उरणार नाही.

आणि आता रेल्वेचीही वेळ आली आहे. मनमाड–इंदूर या 309 किलोमीटरच्या नव्या मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने 2 सप्टेंबर 2024 ला मंजुरी दिली. बोरविहीर–नरडाणा हा धुळ्यालगतचा तुकडा पुरा झाला की धुळं पहिल्यांदा थेट सुरतेच्या रुळांना जोडलं जाईल, आणि नरडाण्याहून अमळनेर जवळच आहे. लोक लांबच्या गाड्या मागतील, मुंबई-इंदूर मागतील, ते योग्यच. पण धुळे–अमळनेर अशी एक साधी पॅसेंजर आधी मागायला हवी, दुपारची जेवणं उरकल्यावर जाणारी आणि रात्री नवाच्या आत परत आणून सोडणारी, आठवड्याचे सातही दिवस.