२६८ विरुद्ध २

नेपाळची २०१५ सालची राज्यघटना लिहिणाऱ्यांना १९९०च्या दशकातल्या सरकारांच्या पाडापाडीची धास्ती होती. म्हणून कलम १०० मध्ये बंदोबस्त केला गेला. पंतप्रधानांच्या नेमणुकीनंतर पहिली दोन वर्षं अविश्वास ठराव आणायचा नाही, तो फेटाळला गेला तर वर्षभर दुसरा आणायचा नाही आणि आणताना पुढच्या पंतप्रधानांचं नावही द्यायचं.

तरीही पुढची दहा वर्षं ओली, प्रचंड आणि देउबा हे तिघेच आलटूनपालटून त्या खुर्चीवर बसले. सलग पाच वर्षं कुणालाच मिळाली नाहीत. त्याच कलमात दुसरी वाट मोकळी होती: आघाडीतल्या पक्षाने पाठिंबा काढला की तीस दिवसांत विश्वासमत घ्यायचं. सौदा बाहेर ठरे, सभागृहात नुसती मोजणी होई. प्रचंड यांनी दीड वर्षात पाच वेळा विश्वासमत मागितलं. १० जानेवारी २०२३ला हजर असलेल्या २७० सदस्यांपैकी २६८ जणांनी त्यांना मत दिलं, त्यात विरोधात बसलेली नेपाळी काँग्रेसही होती. विरोधात फक्त दोघे! मला हा विजय कुठल्याही पराभवापेक्षा भयंकर वाटतो. जाब विचारायचा कुणी? जुलै २०२४ मध्ये त्याच सभागृहात प्रचंड यांना ६३ मतं पडली. मधे निवडणूक झालेली नव्हती.

आपल्या लोकसभेत पहिला अविश्वास ठराव आचार्य कृपलानींनी ऑगस्ट १९६३ मध्ये आणला. चीन युद्धाची जखम ताजी होती. ठराव ६२ विरुद्ध ३४७ मतांनी पडला, आणि तो पडणार हे आधीच ठाऊक होतं. पण चार दिवस सरकारला ऐकून घ्यावं लागलं, नेहरूंना उभं राहून उत्तर द्यावं लागलं. सरकार टिकलं आणि जाबही विचारला गेला. स्थैर्य म्हणतात ते मला इथे दिसतं.

काठमांडूत ओलींनी जुलै २०२४ मध्ये २७५ च्या सभागृहात १८८ मतं मिळवली. दोन मोठे पक्ष एकत्र सत्तेत होते. सप्टेंबर २०२५ मध्ये समाजमाध्यमांवरची बंदी आणि भ्रष्टाचार यांविरुद्ध तरुण रस्त्यावर उतरले. गोळीबार झाला, ७०हून अधिक माणसं गेली, संसद भवन जळालं. ओलींनी राजीनामा दिला, तोवर जुलै २०२४च्या त्या मतदानानंतर सभागृहात एकही मत त्यांच्याविरुद्ध मोजलं गेलं नव्हतं.

कलम १०० पुन्हा उघडलं गेलंच, तर मुदतीचा आकडा बदलून भागणार नाही. पाठिंबा काढणाऱ्या आणि देणाऱ्या पक्षांना त्याची कारणं भर सभागृहात सांगावी लागतील, अशी तरतूद मला तिथे हवी आहे.