न दिसणारी भेग

हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवरून उडणारे ग्लायडर पाहत आमचे बालपण गेले. इंजिन नाही, आवाज नाही. तरी आत बसलेल्याचा भरवसा पक्का. हा भरवसा येतो कुठून, हा प्रश्न तेव्हा आम्हांला पडला नव्हता.

१२ ऑगस्ट १९८५ रोजी जपानमध्ये एक जंबो जेट कोसळले आणि ५२० माणसे मेली. सात वर्षांपूर्वी त्याच्या शेपटीकडील, हवेचा दाब अडवणाऱ्या भिंतीची दुरुस्ती झाली होती. रिव्हेटच्या दोन ओळींनी पेलायचा भार एकाच ओळीवर आला. वरून काम नीटनेटके होते. आत भेग वाढत राहिली.

आता विमानाचे काही भाग चक्क छापले जातात. धातूच्या भुकटीचा पातळ थर, त्यावर लेसर, मग पुढचा थर. एखादा थर नीट वितळला नाही तर पोकळी राहते आणि वरचे थर तिला झाकून टाकतात. पुढे ताण सोसता सोसता तिथूनच भेग सुटू शकते. म्हणून अभियंते दोष आहेच असे धरून चालतात. तो किती वाढला म्हणजे घातक ठरेल याचा हिशेब मांडतात आणि त्याआधीच तपासणी ठेवतात.

आम्हां शिक्षकांचे काम याहून वेगळे आहे काय? पहिलीचा थर, त्यावर दुसरीचा. काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गात सातवीतला एक मुलगा होता. अक्षर सुंदर, वह्या पूर्ण. पण उर्दूचा साधा परिच्छेद त्याला वाचता येईना. फळ्यावरचे तो चित्रासारखे उतरवून घेई. त्याच्या प्रगतिपत्रकांवर दरवर्षी सह्या झाल्या होत्या. त्यांतली एक आमची होती.

दोष राहून जाणे हा गुन्हा नव्हे. माणसाच्या हातून ते होतेच. पण दोष नाहीच असे समजून सही करणे ही अमानतीत खयानत आहे. कोणी म्हणेल, सतत तपासणी म्हणजे मुलावर अविश्वास. आम्हांला तसे वाटत नाही. तंत्रज्ञ पंखावर रागावून भेग शोधत नाही. आत माणसे बसणार आहेत म्हणून शोधतो. फरक एवढाच की, सदोष भाग भंगारात टाकता येतो, मूल टाकता येत नाही. त्याची दुरुस्तीच करावी लागते, आणि तीही दोन्ही ओळींची.

तो मुलगा वर्षभर शाळा सुटल्यावर आमच्याजवळ बसला. अडखळत का होईना, वाचू लागला. सही करताना आमचा हात मात्र अजून थबकतो. तो थबकलाच पाहिजे.