देवाने उगविले म्हणून निर्भय काय?

आमच्या लातूरकडील खेड्यांत संततिनियमनाविषयी उघड बोलणे कठीण. तथापि दोन मुलांमध्ये काही वर्षांचे अंतर असावे ही इच्छा पुष्कळ घरी असते, आणि ती पुरी करण्यास गुपचूप झाडपाल्याचा आश्रय घेतला जातो. त्याच्या समर्थनार्थ कित्येक म्हणतात, “ही वनस्पती देवानेच उगविली; तीत अपाय कसा असेल?” ह्या बोलण्यात भक्ती आहे, परंतु विचार अपुरा आहे.

शास्त्रातच ह्याचे उत्तर सापडते. गिलगाल येथे दुष्काळाच्या दिवसांत एकाने रानवेलीची फळे, ओळख नसता, चिरून हंडीत घातली (२ राजे ४ : ३८-४१). वेल देवाने उगविलेली, मनुष्याचा हेतू भुकेल्यांस जेवू घालण्याचा. तरी हंडीत मरण शिरले. कित्येक भाष्यकार ते फळ म्हणजे आपल्याकडील कडू इंद्रावण होय असे मानतात. तात्पर्य, सद्हेतू ज्ञानाची उणीव भरून काढीत नाही.

गुंजेचे बी काही ठिकाणी गर्भ राहू नये म्हणून देतात. ते कुटून पोटात गेले तर जीव घेण्याइतके विषारी आहे. चित्रकाचे मूळ कातडीस लागले तरी फोड उठतात. तेच गर्भ पाडण्याकरिता गर्भाशयात घातल्याने जखम, जंतुदोष आणि मृत्यूही ओढवतो. गाजराचे बी व कच्ची पपई ह्यांची कीर्ती मोठी, परंतु त्यांवर भरवसा ठेवता येईल असा पुरावा नाही.

मग नैसर्गिक असे काहीच उपयोगी नाही काय? आहे. मूल सहा महिन्यांच्या आतील असून केवळ अंगावरच्या दुधावर असेल, रात्रंदिवस पीत असेल, आणि आईची पाळी पुन्हा सुरू झाली नसेल, तर १०० पैकी सुमारे २ स्त्रियांसच त्या काळात गर्भ राहतो. दुसरी रीत दिवस मोजण्याची. जिची पाळी नेहमी २६ ते ३२ दिवसांनी येते, तिने पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजून ८ व्या ते १९ व्या दिवसापर्यंत पतिसंग टाळावा. काटेकोर पाळल्यास वर्षात १०० पैकी ५ स्त्रियांस, आणि ढिलाई झाल्यास सुमारे १२ स्त्रियांस गर्भ राहतो.

आता खरा प्रश्न येतो. मुळी सर्व काही स्त्रीच्या देहाकडून मागते आणि पुरुषाकडून काहीच मागत नाही. म्हणूनच ती घरात इतकी सोयीची वाटते. दिवस मोजण्याची रीत मात्र नवऱ्याकडे बारा दिवसांचा संयम मागते. १९३५ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या मार्गारेट सँगर वर्ध्यास महात्मा गांधींस भेटल्या. गांधीजींस कृत्रिम साधने मान्य नव्हती; स्त्रियांनी पतीस नकार देण्यास शिकावे असे त्यांचे म्हणणे होते. परंतु नकाराचा भार पत्नीवरच का? दारू पिऊन आलेल्या नवऱ्यास “नको” म्हणणारी स्त्री मार खाते, हे कोणास ठाऊक नाही? पौल तर स्पष्ट लिहितो की पतीच्या शरीरावरही पत्नीचा अधिकार आहे (१ करिंथ ७ : ४). जो हे मानतो, त्याने दिवस स्वतः मोजावे.

ज्यांस शस्त्रक्रियेचे भय वाटते त्यांस हिणवू नये. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीच्या भूकंपात ज्या मातांची मुले गेली, त्यांपैकी शस्त्रक्रिया झालेल्या कित्येकींस पुन्हा मूल हवे झाले, आणि नळ्या पुन्हा जोडण्यासाठी दुसरी शस्त्रक्रिया करावी लागली. परंतु मुळी आणि कायमची शस्त्रक्रिया ह्यांच्यामध्ये इतर उपाय आहेत. निरोध, गोळ्या, तांबी हे सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळतात, आशाताईंस विचारावे. गर्भ राहिला आहे अशी शंका आली, तर मुळी देणाऱ्याकडे न जाता तत्काळ डॉक्टरांकडे जावे.

बंधूंनो, जी गोष्ट आपली पत्नी अंधारात, भीत भीत, एकटीच करिते, ती उजेडात आणून तिच्याबरोबर बसून ठरविणे हे तुमचे कर्तव्य होय. वडीलमंडळींनीही विवाहापूर्वीच्या उपदेशात हा विषय लाजेने टाळू नये. हंडीत काय शिजत आहे हे जेवावयास बसण्यापूर्वीच पाहावे.