घुमटांतील अरुंधती

मुरबाड तालुक्यांतील धसई येथील आमचे एक वृद्ध स्नेही नातवंडांच्या हट्टास्तव मुंबईस आले आणि वरळीचें नेहरू तारांगण पाहून परतले. "खेळ चांगला आहे," ते म्हणाले, "पण जें आमच्या अंगणांत फुकट दिसतें, तें पाहावयास तिकीट काढून बंद घुमटांत कां बसावें?" १९७७ च्या मार्चमध्यें हें तारांगण उघडल्यापासून असंख्य कुटुंबें मुलांबाळांसह तेथें बसून गेलीं; हा प्रश्न त्यांतील फारशा कोणास पडला नसावा. शहरवासीयाच्या अंगणांत, अंगण असलेंच तर, तारे नसतात.

प्रश्न दिसतो तितका भोळा नाहीं. नकलेनें हरखून जाण्यांत मनुष्य अस्सलाला मुकतो काय, असा तो आहे.

प्रथम नकलेच्या बाजूनें बोलूं. १९२३ सालीं म्यूनिकच्या संग्रहालयांत झाइस कंपनीचें पहिलें यंत्र दाखविण्यांत आलें. सुमारें साडेचार हजार तारे तें घुमटावर उमटवी. गंमत अशी कीं, त्याला केवळ म्यूनिकवरचेंच आकाश ठाऊक होतें! पुढील यंत्रांनीं ही मर्यादा ओलांडली. आतां मृगाचेंच उदाहरण घ्या. जूनमध्यें शेतकरी "मृग लागला" म्हणतो, याचा अर्थ सूर्य त्या नक्षत्रांत आला. अर्थात् त्या दिवसांत मृगाचे तारे सूर्याच्या तेजांत बुडालेले असतात. धसईच्या अंगणांतूनहि ते दिसणें शक्य नाहीं. घुमटांत मात्र सूर्य मंद करून त्याला मृगाशेजारीं उभा दाखवितां येतो. पेरणीचा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या ज्यावर चालला, तें डोळ्यांनीं पाहावयास मिळतें तें या नकलेंतच.

तरीहि भेद उरतो. अगस्तीकडे पाहतांना डोळ्यांत शिरणारा प्रकाश सुमारें तीनशें दहा वर्षांपूर्वीं, बाळाजी विश्वनाथांच्या पेशवाईच्या सुमारास, तेथून निघालेला असतो. घुमटांतील अगस्तीचा प्रकाश पंचवीस-तीस हातांवरून येतो. डोळ्याला हा फरक कळत नाहीं. मनाला कळतो, आणि मनाला तो सांगतो बहुधा त्याच घुमटांतील निवेदक! ही युक्ति आपल्या शास्त्रकारांच्या परिचयाची होती. नववधूला अरुंधतीची बारीक तारका एकदम सांपडत नाहीं. म्हणून आधीं शेजारची ठळक तारका दाखवून "हीच अरुंधती" म्हणावें, आणि दृष्टि स्थिरावली कीं "ही नव्हे, जवळची ती" असें सांगावें. हाच स्थूलारुंधतीन्याय. पहिलें वाक्य खोटें असूनहि त्यांत फसवणूक नाहीं, कारण दुसरें पाठोपाठ येतें. तें आलें मात्र पाहिजे. तारांगणाची सारी नीतिमत्ता या "नव्हे" वर अवलंबून आहे, असें मला वाटतें.

आणि येथेंच शहराची अडचण होते. खेळ पाहून आलेलें मूल रात्रीं गच्चीवर गेलें, तर "ही नव्हे, ती" म्हणून बोट करावें कोठें? दिव्यांच्या उजेडांत मोजके तारे तेवढे उरलेले असतात. मग सुटीच्या रात्रीं मोटारी माळशेजच्या बाजूस वळतात आणि आंतील सुशिक्षित मंडळी म्हणतात, "येथें दिवे येऊं नयेत हो!" ही मागणी मला निर्दय वाटते. रोकडीवांचून व्यवहार करणारें गांव म्हणून २०१६ सालीं धसईचें नांव गाजलें. त्या गांवानें आमच्या हौसेखातर सापाविंचवाच्या वाटेनें अंधारांत चालावें काय? दिवा तेथें हवाच. परंतु त्याचें काम वाट दाखविण्याचें. आकाश उजळण्याचें नव्हे. त्यावर टोपण घालून उजेड खालीं वळविला, तर वाट अधिक स्वच्छ दिसते आणि वीजहि वाया जात नाहीं. असें टोपण नसलेले दिवे मुंबईंत किती आहेत, हें मोजावयास वरळीपासूनच आरंभ करण्यास हरकत नाहीं.